बारा फळ्यांचा पाट

एका राज्यात माणसाची उंची टाचेपासून मोजत नसत, पाटापासून मोजत. जन्मल्या जिवाला एक फळी मिळे, चार बोटं जाडीची. पुढे विद्यागिरीच्या गडावर जाऊन जो जितकी वर्षं शिके, तितक्या फळ्या त्याला आणखी मिळत. गावचा सुतार त्या एकावर एक रचून खुंट्यांनी जोडी, आणि माणूस त्या पाटावर एकदा बसला की पाट त्याला सोडत नसे. माणूस चालू लागला की पाट पावलांखाली सरकत येई, थांबला की थांबे, निजला की खाटेखाली जाऊन उभा राही. त्याचं कुणाला नवल वाटत नसे.

नवल वाटे ते फळ्यांच्या संख्येचं. सोयरीक जुळवताना आधी फळ्या विचारत, मग गोत्र. तीन फळ्यांचा माणूस दोन फळ्यांच्या माणसाला अरेतुरे करी, आणि चार फळ्यांचा समोर दिसला की त्याचीच मान खाली जाई. राजाला मात्र न शिकताच सोळा फळ्या असत. राजांचं सगळंच तसं.

त्या राज्यात आणखी एक रीत होती. उंच पाटावरची माणसं खालच्यांच्या बोलण्याला उत्तर देत नसत. खालचे म्हणत, मोठ्या माणसांचं असंच असायचं. वरचे म्हणत, आपल्यापुढे ही माणसं आदराने गप्प होतात. सात पिढ्या दोन्हीकडच्यांनी अशी आपापली समजूत घातली होती आणि राज्य सुखाने नांदत होतं. म्हणजे नांदत होतं. सुखाने की कसं, ते कुणी विचारलं नव्हतं.

त्या राज्यातल्या एका गावात भिवबा सुतार राहत होता. गावातले सगळे पाट त्याच्या हातचे. त्याला अक्षर येत नसे, पण लाकडावर बोटाचं पेर वाजवून तो सांगे, कुठे गाठ आहे आणि कुठे पोकळी. तोंडाच्या कोपऱ्यात दोनचार खुंट्या धरायच्या आणि रंधा मारताना गुणगुणायचं, ही त्याची सवय. गुणगुणण्याला शब्द नसत. त्याच्या बायकोने, साळूबाईने, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी विचारलं होतं, हे काय गाता, तर भिवबा म्हणाला होता, मी कुठे गातोय?

त्यांना एकच मुलगी, तुंगा. रंध्याच्या भुशात ती रांगली आणि तिथेच बोलायला शिकली. बोलायला लागली ती 'का' म्हणतच. आबा, सावली सकाळी लांब का? आबा, चंद्र कुणी कुरतडला? भिवबा म्हणे, मला नाही ठाऊक बाई, गडावरच्यांना ठाऊक असेल. नवव्या वर्षी त्याने तिला खांद्यावर घेतलं, तीन दिवसांची वाट चालला आणि गडाच्या दारात उतरवलं. मग लाकूड सरळ उभं आहे का ते पाहायची ओळंब्याची दोरी कनवटीतून काढून तिच्या हातात दिली.

"आबांना सांगावंसं जे जे वाटेल, त्याची एक गाठ मार. आलीस की बसून एकेक सोडवू."

तुंगा अकरा वर्षं शिकली. ताऱ्यांचं गणित, औषधी वनस्पती, जुन्या लिप्या. शिकणं तिला गोड लागलं, अगदी मनापासून. चंद्र कुणी कुरतडत नाही, हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी ती अंगणभर नाचली आणि दोरीला गाठ मारली. अकरा वर्षांत त्या दोरीला तीनशे गाठी झाल्या.

गडावर फळ्या देत नसत. उतरण्याच्या दिवशी त्या घरी धाडत. भिवबाने आठ दिवस खपून त्या जोडल्या, जन्माची एक आणि अकरा विद्येच्या. पाट तयार झाला, पुरता दोन हात उंच. गावात एवढा उंच पाट कधी झाला नव्हता. पाटबसणीला सारा गाव लोटला. सुवासिनींनी ओवाळलं, ढोल वाजू लागले, आणि तुंगा वर चढून बसली.

ढोलांच्या टिपऱ्या खालीवर होत राहिल्या, पण आवाज थांबला. तुंगेला वाटलं, आपल्या मानासाठी हळू वाजवताहेत.

घरी आईने पुरणपोळी केली होती. हात उंच करून तिने ताट पाटावर ठेवलं. आईचे ओठ हलले, बहुधा वाढू का म्हणून विचारलं असेल. तुंगेला काही ऐकू आलं नाही. प्रवासाचा शीण असेल, असं म्हणून तिने दोरी काढली.

"आबा, चंद्र का घटतो ते मला कळलं. सांगू?"

भिवबाने मान वर केली. तोंडात खुंट्या होत्याच. कोपऱ्यातून तो काहीतरी बोलला आणि वाट बघत राहिला. तुंगाही वाट बघत राहिली. मग भिवबाने मान खाली घातली आणि रंधा उचलला. मोठ्या माणसांचं असंच असायचं, हे त्याला ठाऊक होतं. आपल्या तुंगीचंही तसंच होईल, एवढं मात्र ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावचे पंतोजी आले. त्यांचा पाट सात फळ्यांचा, म्हणून खालचं वर सांगायचं काम गावात त्यांच्याकडेच. भिवबा त्यांच्या कानाशी लागला. पंतोजी खाकरले.

"विदुषी, आपले पिताश्री आपल्या क्षेमकुशलाची पृच्छा करीत आहेत."

"आबा असं म्हणाले?"

"आशय तोच," पंतोजी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी तोच निरोप. चौथ्या दिवशीही तोच. माणसं वाकून नमस्कार करून जात. थट्टा कुणी करेना, नावाने हाक कुणी मारेना. आईने कंबरेवर हात ठेवून तिला ओरडावं असं तुंगेला फार वाटे. जिच्यापुढे गाव वाकतो, तिला कोण ओरडणार? गडावर ती कधी एकटी नव्हती. घरी येऊन एकटी पडली.

पाचव्या दिवशी ती सुतारशाळेच्या दारात बसून आबांचं काम बघत होती. रंधा पुढे गेला, मागे आला. लाकडाचे पापुद्रे निघत होते. आबांचा गळा मंद मंद हलत होता.

तुंगा दचकली. आबा गुणगुणत होते. आपण गुणगुणतो हे त्यांनाच ठाऊक नसे, मग आदराने गप्प बसणार कुठून? गळा हलत होता, आणि तिला काही ऐकू येत नव्हतं. तिने रंध्याकडे पाहिलं. रंध्याचाही आवाज नव्हता.

"आबा गप्प नाहीत," ती मोठ्याने म्हणाली. "मलाच ऐकू येत नाही."

"उशीर झाला, पण कळलं," आढ्यावरून कुणीतरी म्हणालं. लाल शेंडीचा सुतार पक्षी होता, वाशावर टकटक करीत बसलेला. "सहा फळ्यांहून अधिक अंतर पडलं की खालचा आवाज वर चढत नाही. शाप आहे. मी वरही बसतो, खालीही बसतो, म्हणून मला ठाऊक."

"मग आबा काय म्हणतात ते मला सांग."

"माझ्या चोचीत दुसऱ्याचा शब्द राहत नाही. उपाय हवा तर गडाच्या पाठीला धूम्रकेश मांत्रिक राहतो, त्याला विचार. पण तू राजाची प्रजा, आधी राजाला सांग."

तुंगा राजधानीला गेली. राजा वीरभान सोळा फळ्यांवर बसला होता. अंतर चारच फळ्यांचं, म्हणून त्याला तिचं बोलणं ऐकू आलं.

"महाराज, राज्याला शाप आहे. उंच पाटावरच्यांना खालचं ऐकू येत नाही."

राजा आपल्या सोळा फळ्यांकडे वाकून पाहू लागला.

"आम्हाला वाटलं, प्रजा समाधानी आहे," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "आमच्या दाईने आम्हाला वाढवलं. राज्याभिषेकापासून ती आमच्याशी बोलली नाही. आम्ही समजत होतो, ती रुसली."

"रुसली नसेल, महाराज."

"शिकून माणूस बहिरा होत असेल, तर शिकणं नको. गडाचा दरवाजा बंद करा."

"महाराज, या वर्षी चाळीस मुलं गडावर जायला निघालीत. मला मुदत द्या."

"बहावा फुलला आहे. त्याची शेवटची पाकळी गळेपर्यंत मुदत. त्यानंतर दरवाजाला खिळे."

तुंगा गडाच्या पाठीला गेली. तिथे एक महावृक्ष होता. त्याच्याच फळ्या राज्यभर जात. कितीही कापल्या तरी झाड तेवढंच राही. त्याच्या मुळांपाशी धूम्रकेश मांत्रिक बसला होता, पाटाशिवाय, सरळ जमिनीवर. तो मांत्रिक असल्यामुळे त्याचा आवाज वाटेल तिथे पोचे.

"दोन वाटा आहेत," धूम्रकेश म्हणाला. "सोपी वाट अशी: तुझी विद्या मला परत दे. अकरा फळ्या आत्ता गळून पडतील. संध्याकाळपर्यंत घरी जाशील, बापाचं बोलणं ऐकशील."

तुंगेने कनवटीची दोरी चाचपली. आबांचा आवाज! त्यासाठी तिने काय दिलं नसतं? पण गाठींवरून बोटं फिरली आणि ती थबकली. चंद्राची गाठ, मुंगीच्या वाटेची गाठ, लाजाळूची गाठ. विद्या दिली तर गाठी राहतील, पण त्यांत काय होतं ते कोण सांगेल? आबा म्हणतील, सांग पोरी, आणि ती म्हणेल, विसरले.

"आबांचं ऐकायचं आहे," ती म्हणाली, "आणि आबांना सांगायचंही आहे. दुसरी वाट सांगा."

"तीन कामं आहेत. पहिलं: माझ्या विहिरीच्या तळाला वर्षातून एकदाच ऊन लागतं, पापणी लवेपर्यंत. ते ऊन आण."

तुंगेने विहिरीपाशी काठी रोवली. काठी सरळ आहे की नाही, ते आबांच्या दोरीला दगड बांधून पाहिलं. तीन दुपारी सावली मोजली, भुईवर गणित मांडलं आणि म्हणाली, "पाचव्या दिवशी." पाचव्या दिवशी काठीची सावली काठीतच शिरली. पोहरा आधीच तळाशी सोडलेला होता. ऊन त्यात पडलं, तिने वर ओढलं. पोहऱ्यातलं पाणी उजेडाने भरून कोमट झालं होतं.

"ठेव तुझ्याजवळ," धूम्रकेश म्हणाला. "दुसरं काम: समोरच्या गुहेत शापित खजिना आहे. त्याच्या तळाशी एक ताम्रपट आहे, तो आण. राखणीला नाग आहे. आजवर जो गेला, त्याला तो डसला."

गुहेत सोन्याच्या राशी होत्या आणि राशींवर नाग. चाहूल लागताच त्याने फणा काढला, दोन हात उंच. तिच्या पाटाएवढी उंची झाली, म्हणून त्याचं बोलणं तिला ऐकू आलं.

"कोण आहे? डसेन!"

तुंगा पळाली नाही असं नाही; चार पावलं पळालीच. पण पळताना तिने वळून पाहिलं. नागाच्या डोळ्यांवर दुधासारखी साय होती.

"नागराज, कात टाकताना आपल्या डोळ्यांवरची कात निघालीच नाही."

"सात पिढ्या झाल्या," नाग म्हणाला. "दिसत नाही, म्हणून भीती वाटते. भीती वाटते, म्हणून डसतो. लोक म्हणतात, रागीट आहे."

"हलू नका."

पदर पोहऱ्यात बुडवून तिने नागाचे डोळे शेकले, एकदा, दोनदा, तीनदा. कात मऊ पडली, मग चिमटीने हलकेच उतरली. नागाने सभोवार पाहिलं. सोन्याकडे त्याने पाहिलंच नाही. गुहेच्या दारातून आभाळाची निळी चिरी दिसत होती, तिच्याकडे पाहत राहिला.

"हे इतकं निळं असतं, हे मी विसरलो होतो," तो म्हणाला. शेपटीने ताम्रपट तिच्यापुढे सारला आणि बाहेर निघून गेला, तो परत आला नाही. सोनं तसंच पडून राहिलं.

ताम्रपटाची लिपी सात पिढ्यांमागची. तुंगेने ती वाचली: 'शिकेल त्यास वर्षास फळी एक. फळीवर माणूस बसावा. फळीवर फळी बसेल, तर वरच्यास खालचा ऐकू न यावा.'

तुंगेला हसावं की रडावं कळेना. रचा असं कुठेच म्हटलं नव्हतं. विद्येचा काही दोष नव्हता. दोष होता तो नुसता मांडणीचा.

"राजाच्या पूर्वजाने झाड मागितलं, मी दिलं," धूम्रकेश म्हणाला. "पट वाचायला त्याला सवड नव्हती."

"तुम्ही सांगायचं होतं!"

"मला कुणी विचारलं नाही. जमिनीवर बसलेल्याला विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. आता तिसरं काम: तुझ्या पाटाची खुंटी तू स्वतः काढ. दुसऱ्याने काढली, तर फळ्या पुन्हा चढतील."

तिसरं काम ऐकून तुंगेला हायसं वाटलं. एवढंच ना? झाडाखाली बसून तिने पाट चहूबाजूंनी न्याहाळला. खुंटी दिसेना. बोटांनी चाचपला, काटकोन तपासले, लाकडाचे धागे मोजले. भिवबाचं काम असं होतं की कुठे सांधा आहे याचाही पत्ता लागेना. तीन दिवस गेले. अकरा वर्षांची विद्या हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, बाई, हे आम्हाला येत नाही.

तेव्हा तुंगा घरी गेली. वाटेतल्या बहाव्यांखाली पिवळा सडा पडला होता.

"आबा," सुतारशाळेच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "मला माझ्या पाटाची खुंटी काढायची आहे. मला येत नाही. शिकवाल?"

भिवबाच्या तोंडातल्या खुंट्या खाली पडल्या. वरच्या माणसाने खालच्याला 'येत नाही' असं म्हटलेलं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. तो भरभर बोलू लागला. बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की मुलगी कानाला हात लावून मान हलवते आहे. ऐकू येत नाही? मग इतके दिवस... भिवबाने हातातला रंधा खाली ठेवला. इतके दिवस ती मोठी झाली म्हणून बोलत नव्हती, असं नव्हतंच! त्याने डोळे पुसले, बाहीने, दोनदा, आणि पंतोजींना हाक मारली.

पंतोजी आले, भिवबाचं ऐकून घेतलं, खाकरले.

"विदुषी, शिल्पकार म्हणतात, आधारतत्त्व अंतर्भागी वास करते."

"म्हणजे कुठे?"

"ते त्यांनी इतक्या तपशिलात सांगितलेलं नाही," पंतोजी म्हणाले. भिवबाने तर तपशीलच सांगितला होता, वीत आणि बोटं मोजून. पण सात फळ्या चढेपर्यंत त्याचं तत्त्व होऊन गेलं.

भिवबाने पंतोजींना नमस्कार करून बाजूला बसवलं. मग तो उठला आणि त्याने लेकीचा हात धरला. गावातल्या सर्वात उंच पाटावरच्या विदुषीचा हात एका फळीच्या माणसाने धरायचा नसतो. त्याने धरला. तिचा तळवा पाटाच्या कडेला सपाट टेकवला आणि आपल्या बोटाचं पेर लाकडावर वाजवलं. टक.

तुंगेला ऐकू आलं नाही, पण तळव्याला कळलं. बारीक थरथर बोटांतून मनगटात गेली. आबांनी दुसरीकडे वाजवलं. तिथली थरथर निराळी होती. ती चार वर्षांची असताना आबा असंच वाजवून विचारायचे, भरीव का पोकळ? ती खेळत असे. ते शिक्षण होतं, हे तिला आत्ता कळलं.

खुंटी कुठे आहे, ते सापडायला दोन दिवस लागले. ती काढायला शिकायला आणखी सात. भिवबाने आधी तिला टाकाऊ लाकडावर सरावाला बसवलं. लाकूड कोरायची पटाशी उलटी धरली, तर त्याने हातावर चापट मारली. पहिला सांधा फाटला, तेव्हा तो पोट धरून हसला. हसणं ऐकू आलं नाही, तरी तुंगाही हसली. किती दिवसांत तिला कुणी हसलं नव्हतं! तळव्यांना फोड आले. आईने हळद लावली, चिंधी बांधली आणि कंबरेवर हात ठेवून बापलेकींना भरपूर बोलली. तुंगेला ते ऐकू न येताही कळलं, आणि फार बरं वाटलं.

सुतारांचा एक नेम असतो, तो गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. शेवटची खुंटी ते ठोकत नाहीत. मेण लावून नुसती दाबून बसवतात; ती निघाली की बाकीच्या आपोआप सुटतात. घडवणाऱ्याने उकलायची वाट ठेवावी, असा तो नेम. दहाव्या दिवशी तुंगेने उजवीकडच्या कोपऱ्यापासून तीन बोटांवर पटाशीचं टोक टेकवलं, श्वास धरला आणि आबांनी दाखवल्यासारखं अलगद फिरवलं. मेण सुटलं. खुंटी बाहेर आली.

ती नव्या लाकडाची नव्हती. जुन्या, काळवंडलेल्या लाकडाची होती आणि तिच्यावर दोन बारीक खळगे होते. तुंगेने ते ओळखले. लहानपणी दात येत होते तेव्हा पाळण्याचा कठडा तिने चावून चावून ठेवला होता. आई ते सगळ्यांना दाखवायची. आबांनी पाळणा मोडून त्याच्या कठड्याची ही खुंटी घडवली होती.

बारा फळ्या एकामागून एक सुटल्या आणि तुंगा भुशात बसली. एकदम सगळे आवाज आले. कोंबडी, जातं, पंतोजींचं खाकरणं, वाशावरची टकटक. आणि त्या सगळ्यांतून, खुंट्या तोंडात धरून बोलल्यासारखा, एक आवाज.

"जेवलीस का गं?"

तुंगा बापाकडे बघत राहिली.

"रोज हेच विचारत होतो," भिवबा म्हणाला. "दुसरं काय विचारणार?"

"क्षेमकुशल," पंतोजी हळूच म्हणाले. "आशय तोच होता." आणि मान खाली घातली.

"नाही जेवले, आबा," तुंगा म्हणाली, आणि बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली.

बहाव्याची एकच पाकळी उरली असेल अशा हिशेबाने राजा वीरभान गडाकडे निघाला, तो वाटेत गावात आला. त्याच्याबरोबर लवाजमा होता आणि दरवाजाला ठोकायचे खिळे होते. तुंगा धावत पुढे गेली.

"महाराज, शाप मोडता येतो!"

राजाने ऐकलं नाही. तो सोळा फळ्यांवर, ती आता जमिनीवर. तिने पुन्हा सांगितलं, हात हलवून सांगितलं. राजाला वाटलं, ही बिचारी हरली आणि आता गयावया करते आहे. त्याने खिळ्यांकडे बोट दाखवलं.

तुंगा थांबली. मग तिने तेच केलं जे आबांनी केलं होतं. पुढे होऊन राजाचा हात धरला. सरदारांनी तलवारींना हात घातले. तिने राजाचा तळवा त्याच्याच पाटाला टेकवला आणि बोटाचं पेर वाजवलं. टक.

राजाचा चेहरा बदलला. किती वर्षांनी खालून त्याला काहीतरी पोचलं होतं.

त्याने तलवारी म्यान करायला लावल्या. तुंगेने आपली निघालेली खुंटी त्याच्यापुढे धरली, आणि काय करायचं ते त्याला कळलं. चार दिवस राजा वीरभान सुतारशाळेच्या दारात पटाशी घेऊन बसला होता. भिवबा त्याचा हात धरून पकड शिकवी आणि चुकली की मान हलवी. चापट मात्र मारली नाही. मारावीशी वाटली होती. गावच्या बहाव्यावरची शेवटची पाकळी चार दिवस गळली नाही. कारण सुतार पक्षी ती चोचीत धरून बसला होता. चार दिवस तो एक अक्षर बोलला नाही. त्याच्यासारख्या बडबड्याला ते किती जड गेलं असेल, ते त्याचं त्यालाच माहीत.

पाचव्या दिवशी दुपारी राजाची खुंटी निघाली. सोळा फळ्या गडगडल्या आणि राजा भुशात बसला. लवाजम्याच्या शेवटी एक म्हातारी उभी होती. ती काठी टेकत पुढे आली.

"बाळा, किती वाळलास रे," दाई म्हणाली. "केव्हाची सांगतेय."

राजाने तिचे पाय धरले. पक्ष्याने पाकळी सोडून दिली आणि म्हणाला, "हुश्श."

मग सुटलेल्या फळ्यांचं काय करायचं, असा प्रश्न आला. साळूबाई म्हणाली, प्रश्न कसला, इतकी माणसं जेवायची आहेत. तिने बारा आणि सोळा फळ्या अंगणात एकीला एक लावून मांडल्या. घरापासून वेशीपर्यंत लांब पंगत झाली. राजाच्या एका बाजूला दाई बसली, दुसऱ्या बाजूला भिवबा. पंतोजीही बसले, आधी भिवबाकडून आपली खुंटी काढायला शिकून. सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येत होतं. भात कमी पडतोय हेही राजाला ऐकू आलं.

गडाचा दरवाजा उघडा राहिला. चाळीस मुलं वर गेली, पुढच्या वर्षी साठ गेली. खिळ्यांचे भिवबाने कड्या आणि कोयंडे करून घेतले. तेव्हापासून त्या राज्यात जो गडावरून उतरतो, तो आपल्या फळ्या रचत नाही, अंगणात लांब मांडतो आणि जितक्या फळ्या तितकी माणसं जेवायला बोलावतो. माणसं ती माणसंच. आता ती लांबीची फुशारकी मारतात. पण लांबीची फुशारकी मारायची तर शेजारी बसायला कुणीतरी लागतं, आणि बसलेला माणूस गप्प थोडाच बसणार?

आणि तुंगा? ती त्याच गावात राहिली, नागांचे डोळे आणि माणसांचे ताप बघत. रोज संध्याकाळी सुतारशाळेत ओळंब्याची दोरी घेऊन बसे आणि एक गाठ सोडवी.

"आबा, चंद्र कुणी कुरतडत नाही. त्याची एक बाजू तेवढी उजेडात असते."

"अस्सं," भिवबा खुंट्या तोंडात धरूनच म्हणे. "मग दुसरी बाजू?"

तीनशे गाठी होत्या. एका गाठीतून भिवबाचे चार प्रश्न निघत. शेवटची गाठ सुटायला किती वर्षं लागली, ते त्या दोघांनी मोजलं नाही, मग आपण कशाला मोजा? रंधा पुढे जाई, मागे येई, आणि कुणीतरी गुणगुणत असे.

"आबा, काय गाताय?"

"मी कुठे गातोय?"